धाब्याचा कठडा

अपघाती मृत्यूनंतर आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास कानी पडते : देवाची मर्जी! सांत्वनाला आलेला शेजारी ते बोलतो, आप्त बोलतात, आणि दुसरे काही सुचत नाही म्हणून धर्मगुरूही पुष्कळदा तेच बोलतो. या वाक्यामागे श्रद्धा असते, यात शंका नाही. परंतु त्यात श्रद्धेबरोबर एक प्रकारची सुटकाही दडलेली असू शकते. ही सुटका नेमकी कोणाची होते, आणि ती करून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न मला येथे मांडावयाचा आहे. त्यासाठी वाचकांना आपल्या वाडी-बागायतीपासून दूर, आल्प्स पर्वताच्या उतारांवर नेतो. कारण तेथे श्रद्धा, शेती आणि अपघात ही तिन्ही एकाच पायवाटेवर उभी असलेली दिसतात.

ऑस्ट्रियातील टिरोल, इटलीतील दक्षिण टिरोल आणि जर्मनीतील बव्हेरिया हे मुलूख पिढ्यान्‌पिढ्या कॅथोलिक शेतकऱ्यांचे. तेथील डोंगरवाटांवर जागोजागी लहानसे छप्पर असलेला क्रूस किंवा रंगवलेली फळी आढळते. तिला ते लोक ‘मार्टर्ल’ म्हणतात. या ठिकाणी कोण, केव्हा आणि कसा मरण पावला, ते त्यावर लिहिलेले असते आणि वाटसरूने त्याच्या आत्म्यासाठी एखादी प्रार्थना म्हणावी अशी विनंती असते. कोणी हिमलोटात सापडलेला, कोणी झाड तोडताना गेलेला, कोणी गवताच्या भाऱ्यासह कड्यावरून घसरलेला. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मृत्यूच्या या कारणांत ट्रॅक्टरची भर पडली. माणूस गवत करायला उतारावर गेला, ट्रॅक्टर कलंडला आणि तो त्याखाली सापडला, एवढीच ती हकिकत असते.

रोममध्ये शिकणारे आपल्याकडील पुष्कळ धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडच्या एखाद्या धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून जातात. मीही असाच एका उन्हाळ्यात गेलो होतो. जुलै महिना होता. रविवारच्या मिस्साला पुरुषमंडळी फारच थोडी. प्रथम वाटले, युरोपात श्रद्धा आटली म्हणतात ती हीच. मग सॅक्रिस्तानने खिडकीतून समोरचा डोंगर दाखवला. चार दिवसांच्या पावसानंतर ऊन पडले होते आणि सारे गाव त्या डोंगरावर गवत उलथीत होते. अशा वेळी रविवारीही काम करण्याची मुभा देण्याची तेथील धर्मगुरूंची जुनी प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल बाहेर काढणारच ना, असे प्रभूने परुश्यांना विचारले होते. ओले गवत हाही त्या शेतकऱ्यांचा विहिरीत पडलेला बैलच होय. हिवाळ्याचे पाच-सहा महिने गाई गोठ्यात बांधलेल्या असतात आणि त्या काळातील त्यांचे जगणे या वाळलेल्या गवतावर अवलंबून असते. गवत कापायचे, पसरायचे, उलटायचे, ओळींत ओढायचे आणि दमट होण्याच्या आत कोठारात न्यायचे. अर्धवट वाळलेले नेले तर बुरशी येते. इतकेच नव्हे, तर आतल्या आत तापून ते पेटते आणि गोठ्यासकट कोठार जळून जाते. म्हणून क्षितिजावर ढग दिसला की गाव घाई करू लागते. आपल्याकडे भाताच्या झोडणीच्या दिवसांत अवकाळी पावसाचे ढग पाहिलेल्या कोणालाही ही घाई समजावून सांगावी लागणार नाही.

आता ट्रॅक्टर उलटतो कसा, ते थोडे पाहू. त्यावाचून पुढचा नैतिक विचार हवेत राहील.

प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो. त्या बिंदूपासून ओळंबा सोडला आणि तो चाकांनी घेरलेल्या जागेच्या आत पडला, तर वाहन उभे राहते. बाहेर पडला, तर आडवे होते. गवंड्याला ठाऊक असलेली ही साधी गोष्ट. ट्रॅक्टर मुळात उंच. उताराला आडवा चालवला की ओळंबा खालच्या बाजूच्या चाकाकडे सरकतो. त्यातच वरचे चाक एखाद्या दगडावर चढले किंवा खालचे चाक घुशीच्या बिळासारख्या खड्ड्यात गेले, तर उरलेसुरले अंतर क्षणात संपते. गवताच्या हंगामात त्यात आणखी भर पडते. पुढच्या लोडरवर तीन-चारशे किलोंचा गोल गठ्ठा उंच उचलला की गुरुत्वमध्यही त्याच्याबरोबर वर चढतो. मागे जोडलेले गठ्ठे बांधणारे यंत्र किंवा भरलेली ट्रॉली उतरणीला ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू लागते. आणि नुकतेच कापलेले गवत टायरखाली साबणासारखे होते. ब्रेक दाबला तर चाके थांबतात, पण ट्रॅक्टर घसरतच राहतो. चढावर क्लच एकदम सोडला आणि मागची चाके रुतलेली असली, तर पुढची बाजू उचलली जाऊन ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. सुमारे पाऊण सेकंदात तो अशा स्थितीला पोचतो की तेथून परत आणणे कोणाच्याही हाती राहत नाही, आणि दीड सेकंदात तो पूर्ण पालथा होतो. धोका जाणवून पाय क्लचपर्यंत पोचायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो. ‘मी चाळीस वर्षे चालवतो आहे, वेळ आली तर उडी मारीन,’ असे म्हणणाऱ्याला हा हिशेब कोणीतरी सांगायला हवा. अनुभवी माणसाला धोका कळतो हे खरे. परंतु कळल्यानंतर काही करण्याएवढा वेळ त्याच्यापाशी नसतो.

इतके असूनही हे लोक तेथे गवत का करतात? तो निव्वळ हव्यास नव्हे. सपाट जमीन दरीच्या तळाशी थोडीशीच. घर, गोठा आणि गुरे वर डोंगरात. शिवाय कापणीवाचून राहिलेले लांब गवत हिवाळ्यात आडवे पडते आणि त्यावरून बर्फ सहज घसरतो, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणजे वरचे कुरण कापणारा शेतकरी खालच्या गावालाही राखीत असतो. दक्षिण टिरोलात शेत भावाभावांत तुकडे करून वाटत नाहीत. ते अखंड एकाच वारसाकडे जाते. ज्याच्याकडे आले, त्याच्यावर साऱ्या पूर्वजांचे डोळे लागलेले असतात. वरचे कुरण ओसाड टाकणे त्याला आजोबांचा अपमान केल्यासारखे वाटते. पायाला लोखंडी नखांचे कडे बांधून, हाती विळा घेऊन उतारावर चढणाऱ्या आजोबांची जोखीमही थोडी नव्हती. मात्र ते घसरले, तर त्यांच्यामागून दोन-तीन टनांचे लोखंड येत नव्हते.

अशा माणसाच्या मृत्यूला देवाची मर्जी म्हणावे काय?

देवाच्या योजनेवाचून चिमणीही भूमीवर पडत नाही, ही आपली श्रद्धा आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी या श्रद्धेला एक महत्त्वाची जोड दिली आहे. परमेश्वर विश्वाचा कारभार करताना सर्व काही स्वतःच्या हाताने करीत नाही. तो आपल्या सृष्टीतील घटकांना कारण होण्याचा मान देतो. तो दुबळा आहे म्हणून नव्हे, तर उदार आहे म्हणून. उतार, ओळंबा, टायरखालचे ओले गवत ही सारी खरी कारणे आहेत आणि त्या कारणांच्या मालिकेत माणसाचा हातही एक खरे कारण आहे. मधले सर्व दुवे गाळून शेवटची घटना थेट देवाच्या माथी मारणे याला मी देवभक्ती म्हणणार नाही. देवाने आपल्याला जो मान दिला, तो अडचणीच्या वेळी त्यालाच परत करण्यासारखे ते आहे.

याच संतांनी अनवधानाने झालेल्या हत्येचाही विचार केला आहे. माणूस कायदेशीर, चांगले काम करीत असेल आणि त्याने योग्य ती काळजी घेतली असेल, तर त्यातून घडलेल्या मृत्यूचा दोष त्याच्यावर येत नाही. मात्र काम चांगले असूनही काळजी घेतली नाही, तर तो दोषातून सर्वस्वी सुटत नाही. गवत करणे चांगले काम आहे, हे आपण पाहिलेच. तेव्हा सारा प्रश्न ‘योग्य काळजी’ या दोन शब्दांवर येऊन ठेपतो.

अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. इस्राएलात धाब्यावर माणसे झोपत, धान्य वाळवीत, पाहुण्यांशी बोलत बसत. धाब्यावर जाऊ नका, असे हा नियम सांगत नाही. कठडा बांधणाऱ्याचा देवावर विश्वास कमी, असेही तो सुचवीत नाही. पवित्र शास्त्रात करारांच्या, याजकांच्या आणि बलिदानांच्या गोष्टींबरोबर एका गवंडीकामाला जागा मिळावी, याचे मला सेमिनरीत असताना नवल वाटायचे. आता वाटत नाही.

ट्रॅक्टरलाही असा कठडा असतो. चालकाच्या आसनामागे उभारलेली पोलादी कमान किंवा चार खांबांची चौकट. तिला रोल बार म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ही चौकट जमिनीला टेकते आणि चालकाभोवती जिवंत राहण्यापुरती जागा शिल्लक ठेवते. चालकाने पट्टा बांधलेला असला, तर तो त्या जागेतच राहतो आणि जवळजवळ नेहमीच वाचतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि पुढे जुन्यांनाही लागू केली. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांची संख्या तीसेक वर्षांत तेथे जवळजवळ शून्यावर आली. स्वीडनचे उतार काही सपाट झाले नाहीत. तेथील शेतकरी इतरांपेक्षा अधिक धर्मनिष्ठ होते, असेही कोणी म्हणणार नाही. मग १९५९ पूर्वी तेथे देवाची मर्जी निराळी होती काय? या एका प्रश्नापाशी ते घरगुती वाक्य अडखळते.

अमेरिकेची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. तेथे २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरवर मजूर काम करीत असेल, तर मालकाने अशी चौकट आणि पट्टा पुरवावा, असा नियम झाला. परंतु मालक स्वतः आणि त्याचे कुटुंबीय मजूर या व्याख्येत बसत नाहीत. शिवाय दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर कामगार-सुरक्षा खात्याने आपला पैसा खर्चच करू नये, अशी अट तेथील संसद १९७६ पासून अंदाजपत्रकात घालीत आली आहे. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे : लहान शेतकऱ्याच्या अंगणात सरकारी शिपाई नको. परंतु परिणाम काय झाला? कायद्याने परक्याच्या मुलासाठी कठडा मागितला आणि स्वतःच्या मुलासाठी तो बापाच्या प्रेमावर सोपवला. बापाचे प्रेम कमी नसते. पण प्रेम रोज पाहिलेल्या धोक्याला सरावते. कायदा सरावत नाही. १९८५ च्या सुमारास उत्पादकांनी आपण होऊन नव्या ट्रॅक्टरांवर चौकट बसवायला सुरुवात केली. तरी त्याआधीचे ट्रॅक्टर पन्नास-पन्नास वर्षे टिकतात. नवा ट्रॅक्टर जड कामाला ठेवतात आणि गवत उलटणे, ओळी ओढणे अशा ‘हलक्या’ कामाला वडिलांच्या वेळचा उघडा ट्रॅक्टर बाहेर काढतात. ते हलके काम नेमके उतारावर असते.

“जीव माझा, जोखीम माझी, इतरांनी का बोलावे?” असा आक्षेप येथे घेतला जातो. स्वाभिमानी शेतकऱ्याच्या तोंडी तो शोभतोही. परंतु ख्रिस्ती विचारात जीव हा माणसाच्या मालकीचा नसून त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ पाचव्या आज्ञेचे विवरण करताना, गंभीर कारणावाचून कोणालाही प्राणसंकटात टाकणे नीतिनियमाला धरून नाही, असे स्पष्ट सांगतो. आणि खरोखरच जोखीम त्याची एकट्याचीच असते काय? उतारावरचे काम शेताच्या बांधापाशी थांबत नाही. २०१० च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सुमारे सहाशे किलोंचा गोल गठ्ठा उतारावरून घरंगळत कुंपण फोडून रस्त्यावर आला आणि एका गाडीवर आदळला. गाडी चालवणारे प्रसिद्ध चेलोवादक माइक एडवर्ड्स जागीच गेले. शेतावरील दोघांवर खटला झाला आणि २०१२ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. तो निर्णय मी प्रमाण मानतो. मात्र एका माणसाचा गठ्ठा आणि दुसऱ्याचे मरण यांच्यामध्ये केवळ एक कुंपण होते, ही गोष्ट कोणत्याही निर्णयाने बदलत नाही.

त्याहून मला अस्वस्थ करते ते मडगार्डवर बसलेले मूल. जगातील सर्व खेड्यांत हे दृश्य सारखेच आहे. बाप गवताला निघाला की मूल हट्ट करते आणि बाप त्याला उचलून शेजारी बसवतो. त्या क्षणाइतका निर्मळ आनंद शेतावर दुसरा नसेल. पण ट्रॅक्टरला आसन एकच असते आणि पट्टाही एकच. चौकट असली तरी ती पट्ट्यात बसलेल्याला वाचवते. मडगार्डवरचे मूल पहिल्याच हिसक्याला चाकाखाली जाते. ‘माझी जोखीम’ म्हणणाऱ्या बापाने ती जोखीम आपल्या मुलालाही वाटून दिलेली असते, आणि मुलाला तर हो की नाही हे सांगण्याएवढी समजही नसते.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे. त्याला मी अधिक मान देतो. जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसवायची, तर कधीकधी ट्रॅक्टरच्या किमतीच्या मानाने खर्च फार येतो. दुधाचा भाव शेतकरी ठरवीत नाही. शहरातील गिऱ्हाईकाला दूध स्वस्त हवे असते. त्या स्वस्ताईचा काही भाग उतारावरच्या माणसाच्या असुरक्षिततेतून आलेला असतो. म्हणजे धाबे एकाचे असले तरी कठड्याचा खर्च टाळण्यात अनेकांचा हात असतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २००६ साली हे ओळखले आणि अशी चौकट बसवण्याच्या खर्चातील सुमारे सत्तर टक्के वाटा सार्वजनिक पैशातून देण्याची योजना सुरू केली. आल्प्समध्ये उतारासाठी खास बुटक्या, रुंद बैठकीची चारचाकी कापणी यंत्रे मिळतात. ती महाग असतात, पण डोंगरी शेतकऱ्याला शासन साहाय्य करते. मला वाटते, परोपकाराच्या आपल्या कल्पनेत अशा साहाय्याला फारशी जागा नसते. अपघातानंतर विधवेसाठी वर्गणी गोळा करताना धर्मग्रामाचा हात आखडत नाही. तीच वर्गणी आधी, पोलादी चौकटीसाठी मागितली तर किती जमेल, याविषयी मला शंका आहे.

आणि आशीर्वादाचे काय? तिकडे उन्हाळ्यात संत ख्रिस्तोफरच्या सणाच्या सुमारास वाहनांना आशीर्वाद देतात. चर्चसमोर मोटारींबरोबर धुतलेले, फुलांनी सजवलेले ट्रॅक्टर रांगेने उभे राहतात. आपल्याकडेही नवी रिक्षा, टेम्पो किंवा ट्रॅक्टर प्रथम चर्चच्या आवारात येतो, आणि आम्ही आनंदाने पवित्र पाणी शिंपडतो. ही प्रथा सुंदर आहे. परंतु सैतानाने मंदिराच्या शिखरावर नेऊन जे करायला सांगितले, ते प्रभूने केले नाही, याची आठवण या प्रसंगी ठेवावी. देवदूत झेलतील या भरवशावर उडी टाकणे हा त्या मोहाचा गाभा होता. बागायतदारांना झाडांखालून जाता यावे म्हणून काही ट्रॅक्टरांची कमान दुमडता येते. दुमडलेली कमान मग पुढेही तशीच राहते आणि उलटण्याच्या वेळी तिचा काही उपयोग होत नाही. आशीर्वाद घ्यायला आलेल्या ट्रॅक्टरची कमान उभी आहे की दुमडलेली, हे पाहायला पवित्र पाण्याचे भांडे हातात असलेल्या माणसाला कितीसा वेळ लागेल?

हा विषय आपल्यापासून तितका दूर नाही. आपल्या देशात जगात सर्वाधिक ट्रॅक्टर तयार होतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात कामाला निघालेल्या मजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. तेथे डोंगर नव्हता, गवतही नव्हते. त्या स्त्रिया ट्रॉलीत बसल्या होत्या, कारण शेतावर जायला मजुराला बहुधा तेवढेच वाहन मिळते. ट्रॉली मालासाठी असते, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. तरी रस्त्यात माणसांनी भरलेली ट्रॉली दिसली की आपण मोटार जरा बाजूने काढतो, इतकेच.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो धर्मगुरू म्हणून मला टाळता येत नाही. शवपेटीसमोर उभे राहून हे सारे बोलावे काय? मुळीच नाही. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने ठामपणे सांगितले. मेलेल्याच्या कपाळी दोष लिहिण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिला नाही. तो शेतकरी किती दमला होता, ढग किती जवळ आला होता, बँकेचा हप्ता किती उरला होता, हे देवच जाणतो; आणि त्याच्या पुढ्यात त्या शेतकऱ्याची बाजू आपण मांडतो त्याहून चांगली मांडली जात असेल. मात्र तेवढे सांगून प्रभू थांबला नाही. बुरूज का पडला, याचे उत्तर त्याने दिले नाही. ऐकणाऱ्यांकडे वळून त्याने त्यांना पश्चात्तापाला बोलावले. मी अशा प्रसंगी कबरीवर फक्त प्रार्थना म्हणतो. महिन्याच्या मिस्सानंतर, घरची माणसे थोडी सावरली की, त्या घरी पुन्हा जातो. चहा होतो, आठवणी निघतात, डोळे पुसले जातात. मग धाकटा मुलगा आता त्याच वाहनावर कामाला जातो काय, हे विचारतो, आणि हो म्हणाले तर ते वाहन पाहायला त्याच्याबरोबर मागच्या अंगणात जातो.